उद्या भेटणाऱ्या माणसांची छायाचित्रं

कवितेचं रसग्रहण कवीच्या नावापासून सुरू होतं. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रातल्या छायाचित्राच्या नशिबी बहुतेक वेळा तेवढंही नसतं. असलंच तर कोपऱ्यात बारीक टायपात ‘छाया’ असा शब्द आणि पुढे एक नाव. वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांची नजर तिथवर जाते. तरीही सातारा-सांगलीची गेली काही वर्षं आठवायला बसलं, की बातम्यांचे मथळे आठवत नाहीत, चित्रं डोळ्यांपुढे येतात. मिरज स्टेशनात पाणी भरून घेणारी टाक्यांची रेल्वेगाडी. महापुरातली बोट. भर पावसात उभं राहून भाषण करणारे शरद पवार. तिन्ही चित्रं कृष्णेच्या खोऱ्यातली, तिन्हींत पाणी, आणि तिन्हींतलं पाणी वेगवेगळ्या अर्थाचं.

या चित्रांचं बळ कॅमेऱ्याच्या किमतीत नाही, काढणाऱ्याच्या वस्तीत आहे, असं मला वाटतं. मुंबईहून आलेला छायाचित्रकार घटना टिपतो आणि परत जातो. जिल्ह्याचा छायाचित्रकार तिथेच राहतो. आज ज्याचा फोटो काढला, तो माणूस उद्या मंडईत, एसटी स्टँडवर, कुणाच्या तरी लग्नात समोर येणार असतो. कुठे उभं राहायचं, कुठला क्षण धरायचा आणि कुठला सोडून द्यायचा, हे सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

या धंद्यात येण्याचा रस्ता बहुधा फोटो स्टुडिओतून जातो. पासपोर्ट फोटो, बारशी, लग्नं, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे ग्रुप फोटो. मग कधीतरी गावात अपघात होतो, मंत्री येतो किंवा पूर येतो, वार्ताहराला फोटो हवा असतो, आणि स्टुडिओवाला सोबत जातो. तो फोटो छापून आला की पुढचं बोलावणं येतं. पगार नाही, छापून आलेल्या फोटोमागे ठरलेलं मानधन. घर चालतं ते लग्नसराईवर. वर्तमानपत्राचं काम चालतं ते हौसेवर आणि गावात मिळणाऱ्या ओळखीवर. पुढे काहींना नोकरी मिळते, बरेच जण आयुष्यभर असेच दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभे असतात.

रोलच्या काळातलं हे काम म्हणजे घड्याळाशी शर्यत होती. एका रोलमध्ये 36 फोटो. सभेला दहा, कुस्तीच्या मैदानाला आठ, उरलेले उद्यासाठी. परतल्यावर डार्करूममध्ये डेव्हलपर, मग हायपो, मग धुणं आणि वाळवणं. प्रिंट पुरती वाळायच्या आत पाकिटात जायची, आणि ते पाकीट घेऊन स्टँडवर पळायचं. साताऱ्याहून पुण्याला, सांगलीहून कोल्हापूरला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरच्या हातात पाकीट पडलं की जीव भांड्यात. गाडी चुकली तर दिवसभराची मेहनत रद्दी. ऑफसेट छपाई येण्याआधी त्या प्रिंटचा ब्लॉक व्हायचा आणि ब्लॉकमध्ये काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या बऱ्याच छटा बुजून जायच्या. म्हणून त्या पिढीतले छायाचित्रकार ठसठशीत चित्र शोधायचे: मागे मोकळं आकाश, पुढे एकच माणूस, उजेड एका बाजूने. छपाईच्या मर्यादेतून आलेली ही शिस्त पुढे रंगीत छपाई आणि डिजिटल कॅमेरा आल्यावरही त्यांच्या हातातून गेली नाही.

या कामाचं स्वतःचं पंचांग असतं. आषाढीच्या आधी ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याच्या बाजूने सातारा जिल्ह्यात येते, नीरेत पादुकांना स्नान होतं, लोणंदचा मुक्काम होतो. भाद्रपदात तासगावचा रथोत्सव. श्रावणात बत्तीस शिराळ्याची नागपंचमी. फाल्गुनात वाईजवळच्या बावधनचं बगाड. दरवर्षी तेच स्थळ, तीच गर्दी, तोच रथ. आणि दरवर्षी नवा फोटो हवा. तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब इथे पालखीचं उभं रिंगण होतं. वारकरी दुतर्फा उभे असतात आणि मधल्या वाटेने दोन अश्व धावतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसऱ्याच्या पाठीवर कुणीच नाही, कारण त्यावर माउली बसलेली आहे ही सगळ्यांची श्रद्धा. नवखा छायाचित्रकार स्वाराचा घोडा टिपतो, कारण त्यात माणूस आहे, निशाण आहे, रंग आहे. मुरलेला माणूस मोकळ्या पाठीच्या घोड्याची वाट बघतो. त्या रिकाम्या जागेकडे पाहणारे शेकडो चेहरे फ्रेममध्ये आले, की काय झालं ते वाचकाला न सांगता कळतं. घोडा गेल्यावर टापांखालची माती कपाळाला लावायला लोक वाकतात. आणि तेव्हा बाकीच्यांचे कॅमेरे बंद झालेले असतात, मुरलेल्याचा चालूच असतो.

आता पहिलं चित्र. एप्रिल 2016. लातूर शहरात पाणी संपलं होतं आणि मिरजेहून रेल्वेने पाणी पाठवायचं ठरलं. कोटा इथल्या रेल्वेच्या कारखान्यात वाफेने धुऊन घेतलेल्या टाक्यांचे डबे मिरजेला आले. 11 एप्रिलला दहा डब्यांची पहिली गाडी साधारण पाच लाख लिटर पाणी घेऊन निघाली. जलदूत हे तिचं नाव. हे पाणी कृष्णेचं.

त्या दिवसांतल्या मिरजेच्या फोटोंमध्ये नाट्य जवळजवळ नाही. रुळांवर एकामागे एक उभ्या गोल टाक्या, त्यांच्यावर चढलेली माणसं, नळ्या. पण बघत राहिलं की त्या रांगेची लांबी बोलू लागते. टाक्या फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातात आणि कडेवर कापल्या जातात. पुढे किती आहेत हे दिसत नाही. माणूस टाकीच्या मानाने लहान, आणि तहानलेल्या शहराच्या मानाने टाकीही लहान. एरवी तेल वाहून नेणाऱ्या डब्यात प्यायचं पाणी, ही विसंगती चित्रात कुठे लिहिलेली नाही, डब्याच्या आकारातच आहे. ज्या सांगली जिल्ह्यातून हे पाणी निघालं, त्याच जिल्ह्यातले जत, कवठेमहांकाळ, आटपाडी हे तालुके स्वतः दुष्काळात होते. मिरजेच्या छायाचित्रकाराला हे ठाऊक होतं, कारण आदल्या आठवड्यात तो कुठल्या तरी कोरड्या विहिरीच्या काठावर उभा होता. म्हणून त्या गाडीच्या चित्रात उत्सव नाही, काम आहे. घामेजलेल्या माणसांनी नळ्या जोडण्याचं काम. पाणी देणाऱ्याने मिरवू नये, हे त्या चित्रातून कळतं.

दुसरं चित्र त्याच नदीचं, तीनच वर्षांनंतरचं. ऑगस्ट 2019. सातारा जिल्ह्याचा छायाचित्रकार पावसाळ्यात कोयना धरणाचे सहा वक्र दरवाजे उघडल्याचा फोटो काढतो. पांढरं फेसाळ पाणी, वर तुषारांचं धुकं, देखणं चित्र. तेच चित्र सांगलीतला माणूस चहा पिताना बघतो तेव्हा चहा तसाच राहतो. कोयनेचं पाणी कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि खाली सांगलीला येतं. 1929 मध्ये उभ्या राहिलेल्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी मोजली जाते: 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. त्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं.

पुराचे फोटो वरून काढलेले असले की भव्य दिसतात आणि सगळे पूर सारखेच वाटतात. सांगलीच्या छायाचित्रकारांनी छातीभर पाण्यातून आणि बोटीतून काढलेले फोटो वेगळे आहेत. त्यांत दुकानांच्या पाट्या वाचता येतात. मारुती चौक, हरभट रोड, गणपती पेठ, गावभाग: वाचक आधी पाटी वाचतो, मग पाणी पाटीच्या कुठल्या अक्षरापर्यंत आलं ते बघतो, आणि तिथून आपल्या घराचा हिशेब करतो. पुलावरचे फूट आणि इंच जे सांगत नाहीत, ते दुकानाची पाटी सांगते. परक्याला ही पाटी म्हणजे फ्रेममधला अडथळा वाटला असता. त्याने ती कापून टाकली असती. इथल्या माणसाने ती मुद्दाम ठेवली, कारण त्याचा वाचक त्याच गल्लीत राहतो.

त्या दिवसांतलं देशभर पोहोचलेलं दृश्य गावभागातलं. बोटीतून सुटका झालेली एक बाई वाकून लष्कराच्या जवानांच्या पायांना हात लावते. चित्रफितीत हे क्षणात घडून जातं. तोच क्षण थांबवून पाहिला, तर दोन गोष्टी मनात राहतात. एक, बोटीत वाकायला जागाच नाही. माणसं खेटून बसली आहेत, आणि तरी ती वाकली. दोन, पाया पडणं ही आपल्याकडे वयाने लहान असलेल्याने मोठ्याला करायची गोष्ट, आणि इथे ती वयाने मोठी बाई आपल्या मुलाच्या वयाच्या पोरांच्या पाया पडते. नात्याचा क्रम उलटा झाला आणि कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. घर, धान्य, कागदपत्रं पाण्यात गेलेल्या माणसाकडे द्यायला जे उरतं, तेवढं तिने दिलं. करुणरस म्हणजे रडणारा चेहरा, असं मानणाऱ्यांनी हे दृश्य पुन्हा पाहावं. यात अश्रू नाहीत, पाठीचा बाक आहे.

याच पुरात 8 ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि 17 माणसं गेली. अशा जागी कॅमेरा हातात असणं ही कसोटी असते. फोटो काढावाच लागतो, कारण उद्या चौकशी होईल, भरपाई ठरेल, बोटी किती आणि कशा होत्या हे विचारलं जाईल, आणि तेव्हा फोटो हाच साक्षीदार. पण मेलेल्या लेकराचा चेहरा पहिल्या पानावर मोठा करून छापावा का? ज्याला त्या गावात पुढच्या महिन्यात पंचनाम्याच्या बातमीसाठी जायचं आहे, तो या प्रश्नाचं उत्तर काठावर उभा असतानाच देतो. तो दोन पावलं मागे सरतो, काठावर बसलेल्या माणसांच्या पाठी फ्रेममध्ये घेतो, पाणी घेतो, बोट घेतो. न काढलेले किंवा काढून कार्यालयाला न पाठवलेले फोटो हाही या माणसाच्या कामाचा भाग आहे, आणि त्याचं मानधन कुणी देत नाही.

तिसरं चित्र साताऱ्याचं. 18 ऑक्टोबर 2019, शुक्रवार. विधानसभेच्या निवडणुकीसोबत सातारा लोकसभेची पोटनिवडणूक होती. राष्ट्रवादीच्या तिकिटावर निवडून आलेले उदयनराजे भोसले खासदारकीचा राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले होते, त्यांच्या विरोधात राष्ट्रवादीचे श्रीनिवास पाटील. जिल्हा परिषदेच्या मैदानावर सभा, आणि पवार बोलायला उभे राहिले तेव्हा पाऊस कोसळत होता. ते थांबले नाहीत. मागच्या वेळी उमेदवार निवडताना आपली चूक झाली, ती मतदारांनी 21 तारखेला दुरुस्त करावी, असं ते भिजत बोलले. त्या रात्रीच फोटो फोनवरून राज्यभर गेला. राजकारण बाजूला ठेवून या चित्राकडे चित्र म्हणून पाहिलं पाहिजे.

रात्री पाऊस फोटोत सहसा दिसत नाही. समोरून फ्लॅश मारला तर जवळचे थेंब पांढरे डाग होऊन चेहऱ्यावर येतात आणि मागचा सगळा पाऊस नाहीसा होतो. पाऊस दिसायला उजेड मागून किंवा बाजूने हवा आणि पाठीमागे अंधार. त्या मैदानावर व्यासपीठाच्या दिव्यांनी तो उजेड दिला. शटर फार वेगाचं ठेवलं तर थेंब हवेत थिजतात, फार मंद ठेवलं तर बोलणारा माणूस हलतो. मधला वेग धरला की थेंबांच्या रेषा होतात आणि चेहरा स्थिर राहतो. स्वतःच्या लेन्सवर पाणी, कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी, पुसायला ओल्याच शर्टाची बाही: अशा स्थितीत हे सगळं क्षणात ठरवायचं असतं. ज्याने पाऊस नुसता अडचण मानला, त्याने कॅमेरा बॅगेत ठेवला. ज्याने पावसालाच चित्रातलं पात्र मानलं, त्याला हे चित्र मिळालं.

आता फ्रेममध्ये काय आहे ते बघू. पांढरा शर्ट अंगाला चिकटलेला, त्यामुळे 78 वर्षांच्या शरीराचा आकार उघड झालेला. एरवी राजकीय नेत्याचे कडक इस्त्रीचे कपडे म्हणजे चिलखत. इथे ते उतरलं आहे. तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेची खूण वागवणारा चेहरा, पुढे माइक. तिरक्या रेषांनी भरलेली हवा. आणि सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे जी फ्रेममध्ये नाही ती: छत्री. मोठ्या माणसाच्या डोक्यावर छत्री धरायला चार हात धावतात हे आपण लहानपणापासून बघतो. ती छत्री नसणं, हेच या चित्राचं विधान आहे.

दुसरी न दिसणारी गोष्ट म्हणजे गर्दी. त्या संध्याकाळी लोक खुर्च्या डोक्यावर धरून मैदानात थांबले होते, आणि तेही टिपलं गेलं. ते रुंद फोटो माहिती देतात. पण जवळून घेतलेल्या फोटोत गर्दी बाहेर राहते आणि ती केवळ वक्त्याच्या नजरेतून कळते. समोर कुणीतरी आहे, ते गेलेलं नाही, म्हणून हा माणूस थांबलेला नाही. बघणारा नकळत त्या गर्दीच्या जागी उभा राहतो. वीररस आणि थकलेल्या शरीराची करुणा एकाच चेहऱ्यावर एकत्र येणं दुर्मिळ. इथे ते पावसाच्या रेषांनी एकत्र बांधलं आहे. आठवडाभराने निकाल लागला आणि श्रीनिवास पाटील 87 हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. मतं फोटोने मिळतात असं मी म्हणणार नाही. पण त्या निवडणुकीची आठवण म्हणून लोकांनी मनात काय जपलं, ते या चित्राने ठरवलं.

आणि हे चित्र लाखो फोनवर फिरलं तेव्हा ‘छाया’ची ओळ बहुतेक ठिकाणी कापली गेली होती.

वर्तमानपत्री छायाचित्रकाराच्या कामाची देशपातळीवर दखल घेतली जाऊ शकते, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सुधारक ओलवे मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत बातमीचे फोटो काढत होते. बातमी संपली तरी ते मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांकडे पुन्हा पुन्हा जात राहिले, गटारात उतरून काम करणाऱ्या माणसांची चित्रं काढत राहिले. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. महाराष्ट्रात जातीय अत्याचारात माणसं गमावलेल्या कुटुंबांचीही छायाचित्रं त्यांनी काढली, आणि त्यात सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं, विहिरीच्या वादातून घरचा माणूस गमावलेलं एक कुटुंब आहे. बातमी छापून झाल्यावर, खटल्याची गर्दी ओसरल्यावर त्या दारात पुन्हा जाणं, ही गोष्ट ओलवे यांना ठरवून करावी लागली. जिल्ह्याच्या छायाचित्रकाराला ती चुकवताच येत नाही, कारण तो तिथेच राहतो. त्याच्याकडे अशा घरांचे दहा-दहा वर्षांच्या अंतराने काढलेले फोटो असतात. ते एकत्र मांडायला त्याच्याजवळ सवड नसते, पैसा नसतो आणि विचारणारं कुणी नसतं.

ही चित्रं आज कुठे आहेत? 1967 चा कोयनेचा भूकंप, 2005 चा सांगलीचा पूर, त्याच वर्षीची मांढरदेवीची चेंगराचेंगरी, 2015 मध्ये पोगरवाडीत कर्नल संतोष महाडिक यांना दिलेला अखेरचा निरोप: यांची चित्रं वर्तमानपत्रांच्या कात्रणांत आहेत, आणि मूळ निगेटिव्ह किंवा फाइली त्या त्या छायाचित्रकाराच्या घरी, लोखंडी कपाटात, जुन्या हार्ड डिस्कवर. निगेटिव्हला बुरशी लागते, हार्ड डिस्क बंद पडते. 2019 च्या पुरात सांगलीच्या नगर वाचनालयातली कितीतरी दुर्मिळ पुस्तकं भिजून गेली. जे वाचनालयाचं झालं, ते एखाद्या घरच्या कपाटाचं व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून काही कामं लगेच करण्यासारखी आहेत. दोन्ही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांच्या पत्रकारिता आणि इतिहास विभागांनी ज्येष्ठ वृत्तपत्र छायाचित्रकारांकडे जावं, त्यांचे रोल स्कॅन करून घ्यावेत, प्रत्येक चित्राखाली दिवस, गाव आणि प्रसंग त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावा, आणि हक्क त्यांचेच ठेवावेत. वर्तमानपत्रांनी फोटोखालचं नाव वाचता येईल एवढ्या टायपात छापावं आणि जुन्या फोटोच्या प्रत्येक पुनर्मुद्रणाचं मानधन द्यावं. आणि आपण वाचकांनी, पुढच्या वेळी असा फोटो फोनवर आला तर, पुढे पाठवण्याआधी तो कुणी काढला हे विचारावं आणि ते नाव फोटोसोबत लिहून पाठवावं.